कांदेनवमीच्या शकुंतलाकाकू

शकुंतलाकाकूंच्या घरात भाड्याची खोली हवी असेल, तर आधी कांदे निवडून दाखवावे लागत. निदान मला तरी लागले. दिग्रसच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. एका सहशिक्षिकेने पत्ता दिला म्हणून त्या दारात जाऊन उभी राहिले, तर आतून आवाज आला, "खोली पाह्याले आली काय? ये, बस. हात रिकामेच हायत ना?"

समोरच्या खोलीत फरशीवर बारदान पसरलं होतं. त्यावर दोन पोती कांदे ओतलेले, आणि त्यांच्यामध्ये पाटावर एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई. नाव-गाव विचारणं नाही, पाणी नाही. कांद्यांचे चार ढीग करायचे होते. कोंब फुटलेले, मानेत मऊ पडलेले, जोडकांदे आणि धड. मी पर्स बाजूला ठेवून बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या धड ढिगातला एक कांदा उचलला, मानेपाशी अंगठा दाबला आणि तो मऊ ढिगात टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"डोळ्यानं नाई पाह्याचं व पोरी, अंगठ्यानं पाह्याचं," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी सांगितलं की खोली मागच्या बाजूला आहे, नळ दिवसाआड येतो आणि अट एकच आहे. "आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत या घरात कांदा येत नाई. तुया खोलीत बी नाई. जमते काय?"

मी म्हटलं, जमतं. मी पंचविशीत होते, घरभाडं वेळेवर देण्यापलीकडे कसलीच अट मला अवघड वाटत नव्हती.

चातुर्मासात कांदा न खाणारी घरं आमच्याकडे आजही पुष्कळ आहेत. एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, घरातला कांदा खाऊन संपवायचा, ती कांदेनवमी. बहुतेक घरी त्या दिवशी भजी होतात आणि विषय संपतो. काकूंच्या घरी मात्र तो महिनाभराचा उद्योग होता. कारण त्यांचा महागावकडचा भाऊ दर वैशाखात दोन पोती कांदे पाठवायचा. सासू-सासरे, दीर-जावा, त्यांची लेकरं असं अकरा माणसांचं घर असताना सुरू झालेली ही पद्धत. पुढे सासू-सासरे गेले, दीर पुण्या-नागपूरला पांगले, काकूंना स्वतःचं मूलबाळ झालं नाही. घरात उरले काकू आणि काका. पोती मात्र दोनच्या दोन येत राहिली.

"भावाला सांगा ना, एकच पाठव म्हणून," मी एकदा म्हणाले.

"सांगतलं तं त्याले समजंल ना, घर रिकामं झालं म्हणून," काकू म्हणाल्या आणि सुरीला धार लावायला उठल्या.

एवढा कांदा दोन माणसांनी संपवायचा म्हणजे डोकं लागतं. काकूंकडे ते होतं. त्यांचा सिद्धांत असा की भाजीत कांदा टाकणं वेगळं आणि कांद्याची भाजी करणं वेगळं. कोंब फुटलेल्यांची पाळी आधी. कोवळे हिरवे कोंब कापून त्यांचं बेसन लावून चून, म्हणजे आपला कोरडा झुणका. मऊ पडलेल्यांचा वाईट पापुद्रा काढून उरलेला कांदा किसायचा, मीठ लावून पिळायचा आणि ज्वारीच्या पिठात घालून धपाटे थापायचे. पिळून निघालेलं पाणी फेकायचं नाही, त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. जोडकांद्यांचे बाहेरचे जाड पापुद्रे भाजून, वाटून पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शात. आतले दोन लहान गड्डे शेंगदाणा-तिळाचं सारण भरून आख्खे शिजवायचे. आणि कैरीचा मेथांबा करतात तसा कांद्याचा मेथांबा, गूळ, चिंच आणि मेथीदाणे घालून. हा त्यांचा स्वतःचा शोध होता. मी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा कशाचा आहे हे मला ओळखता आलं नाही, याचा त्यांना फार आनंद झाला.

कच्चे कांदे त्या कोणाला वाटत नसत. "लोक म्हनतीन, हिच्या घरी सडून राह्यले होते." म्हणून सगळं शिजवून वाटायचं. गल्लीतल्या शिंप्याच्या घरी डबा, समोरच्या कंडक्टरच्या घरी डबा, माझ्यासोबत शाळेत डबा. शिक्षकांच्या खोलीत मला कांदेवाल्या मॅडम म्हणू लागले. मी नाक मुरडून दाखवायची, पण मधल्या सुट्टीत डबा उघडला की हे नाव ठेवणारेच पहिले पुढे यायचे. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला काकूंनी धपाटा दिला आणि कसा झाला विचारलं. तो बिचारा खरं बोलला, मीठ जरा कमी आहे म्हणाला. काकूंनी लगेच दुसरा थापला, तो घेऊन चार घरं पलीकडे त्याला गाठलं आणि तो खाऊन होईपर्यंत त्याच्या गाडीपाशी उभ्या राहिल्या.

त्यांची ही सवय मला पुढे नीट कळली. त्यांना वाढून समाधान होत नसे. समोरच्याचा घास तोंडात जाताना, चावताना, गिळताना त्यांना पाहायचं असे. माझ्यासारख्या घाईघाईने जेवणारीला याचा जाच व्हायचा. आपण परीक्षेला बसलोय असं वाटायचं.

काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळके, कमी बोलणारे. बोलले तर कचेरीच्या भाषेत. भाजी आवडली तर म्हणायचे, "मंजूर." नाही आवडली तर, "फेरसादर." हा माणूस कांद्यासाठी वेडा होता. काकू एवढे प्रकार करायच्या, पण त्यांना खरा हवा असायचा तो बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा. जेवायला बसले की ताटाशेजारी पाटावर कांदा ठेवायचा, मूठ वळायची, एकच बुक्की मारायची आणि आतला कोवळा गाभा काढून भाकरीबरोबर खायचा. सुरीने कापलेला त्यांना चालत नसे, लोखंड लागलं की चव जाते म्हणायचे. काकू दर वेळी म्हणायच्या, "हात मोडंल एखांद्या दिवशी." काका दर वेळी कांदा खाऊन उत्तर द्यायचे.

मग असा माणूस चार महिने कांद्याशिवाय कसा राहतो, हे मी त्यांनाच विचारलं. काकू तेव्हा देवळात गेल्या होत्या. काकांनी पेपर खाली ठेवला.

"लग्न झाल्यावर चौथ्या वर्षी मले टायफॉइड झाला," ते म्हणाले. "यवतमाळच्या दवाखान्यात पडून होतो. डॉक्टरनं हात टेकले. तवा हिनं नवस केला, का हे वाचले तं हे जिते हायत तोवर माया घरात चातुर्मासात कांदा येनार नाई. मी वाचलो. तवापासून चार महिने कांदा फेरसादर."

"तुम्ही बाहेर कुठे खात नाही?"

"तिनं शब्द देला माया जिवासाठी. मी बाहेर जाऊन खाऊ काय?"

माझ्या पाहण्यात त्या दोघांनी एकमेकांबद्दल प्रेमाचा म्हणावा असा एकही शब्द उच्चारला नाही. पण त्या दुपारी मला त्यांचा हेवा वाटला, हे मी कबूल करते.

मी तिथे राहायला लागून चौथं वर्ष होतं. फाल्गुनात एका सकाळी काका अंगणात दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. यवतमाळला काही दिवस ठेवलं आणि मग घरी आणलं. समोरच्या खोलीत, जिथे कांदे निवडले जायचे, तिथे लोखंडी पलंग आला.

काकू रडल्या नाहीत. निदान आमच्यासमोर नाही. पण काका जेवेनात, आणि त्यापुढे त्या हतबल झाल्या. पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, काहीही नेलं तरी काका ओठ मिटून मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय त्यांना, मनाने सोडलंय. जे खातील ते द्या, पोटात जाऊ द्या, नाहीतर नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून काकू पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या.

त्याच सुमाराला काका डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटू लागले. मला वाटलं चिडले आहेत. शिंपी म्हणाला, लघवीला लागली असेल. दोन दिवस आम्ही भलतेच अंदाज करत राहिलो. तिसऱ्या दिवशी काकू हातात वाटी घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ती मूठ पलंगावर पडताना पाहिली आणि वाटी खाली ठेवली.

"कांदा मागून राह्यले व हे," त्या म्हणाल्या.

त्यांनी गॅसवर एक कांदा सालीसकट भाजला, आतला गर चमच्याने कुस्करला, त्यात ज्वारीची भाकर आणि वरणाचं पाणी घालून कालवलं. काकांनी तोंड उघडलं. वाटी संपली. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तिथून पुढचे चार महिने त्यांनी आयुष्यभराची सगळी कला त्या एका वाटीत ओतली. कोंबांची कढी करून गाळून दिली. भरल्या कांद्याचा फक्त आतला गाभा, बोटाने दाबून पाहिलेला. कांदा परतून आसट खिचडी. मेथांब्याचा नुसता पाक, भाकरीच्या चुऱ्यावर. वैशाखात भावाची दोन पोती आली, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कांद्याचं काय करायचं हा प्रश्न घरात नव्हता. शिंप्याकडचा आणि शाळेतला डबा बंद झाला. काका उशी लावून बसू लागले. गालाची हाडं जरा झाकली गेली. एकदा वाटी संपल्यावर त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं, काकू म्हणाल्या ते "मंजूर" होतं. मला ते तसं ऐकू आलं नाही, पण मी हो म्हटलं.

आणि मग आषाढ लागला.

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की या वर्षी काकू नेम बाजूला ठेवतील. त्याबद्दल कोणी विचारलंही नाही, इतकं ते उघड होतं. पण नवमीच्या आठ दिवस आधी त्या नेहमीसारख्या कांदे मोजून ढीग लावायला बसल्या. मी देवळातल्या गुरुजींना घरी घेऊन आले. गुरुजींनी समजावलं, "वहिनी, आजाऱ्याले नेम लागत नाई. शास्त्रात हाय तसं."

"त्याईले नाई लागत गुरुजी. मले लागते," काकू म्हणाल्या. "शब्द म्या देला होता. या जिवासाठी देला होता. हा जीव तवा वाचला, फाल्गुनात बी वाचला. आता मीच शब्द मोडला आन् काई झालं तं?"

मी म्हणाले, "काकू, ते कांद्यावरच जगताहेत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तू शिकलेली हायस. तुले सारं समजते. पन यात तुयं काई जात नाई."

हे खरं होतं, म्हणून मला ते लागलं. आज विचार करते तेव्हा वाटतं की त्यांना दोन्ही बाजू माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होत्या. कांदा दिला नाही तर काका जेवणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. कांदा दिला तर काका जगणार नाहीत, हे त्यांना त्याहून पक्कं माहीत होतं. अडतीस वर्षं एका गोष्टीवर माणूस जिवंत राहिलेला त्यांनी पाहिला होता. मी चार महिन्यांचा पुरावा घेऊन वाद घालत होते.

नवमीला त्यांनी सगळं केलं. भजी, चून, भरले कांदे, धपाटे, पातोडीचा रस्सा. काकांना प्रत्येकातलं मऊ करून भरवलं. काका जेवले, पोटभर जेवले. टोपलीभर धड कांदे उरले ते काकूंनी संध्याकाळी शिंप्याच्या घरी नेऊन दिले. कच्चा कांदा दुसऱ्याच्या दारात नेताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. मग फरशी पुसली, सालं गोळा केली, परातीसुद्धा चिंचेने घासल्या.

द्वादशीला पत्ताकोबी हिंगाची फोडणी देऊन मऊ शिजवली, तोच मसाला, तीच भाकर. काकांनी एक घास घेतला, जिभेवर फिरवला आणि बाहेर काढला. मूठ पलंगावर आपटली. काकूंनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि हळूच उशीवर ठेवली.

"चार महिने," त्या म्हणाल्या, "चारच महिने. कार्तिकात देईन. पोतं भरून देईन."

मुळा करून पाहिला. दुधी, दोडका, कच्ची पपई. तीळ भाजून, खोबरं भाजून, धणे भाजून, कांद्याच्या रंगाचा आणि कांद्याच्या घट्टपणाचा रस्सा त्यांनी कांद्याशिवाय उभा केला. मी तो चाखला तेव्हा मी फसले. काका फसले नाहीत. श्रावण संपेपर्यंत वाटीची अर्धी वाटी झाली आणि अर्ध्या वाटीचे चार चमचे. मूठ आपटणं कमी झालं, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

भाद्रपदात मी एक कांदा विकत घेतला. बसस्टँडवरच्या गाडीवरून, एकच. तो पर्समध्ये चाचणीच्या पेपरांखाली लपवून, माझ्या वर्गातली पोरं कॉपीचे कागद आणतात तसा, घरी आणला. काकू गुरुवारच्या आरतीला गेल्या होत्या. मी दार लोटलं, कांदा फरशीवर ठेवला आणि बुक्की मारली. हात झिणझिणला, कांदा घरंगळत पलंगाखाली गेला. काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. ते हसत होते. दुसऱ्या बुक्कीला तो फुटला.

गाभा काढून मी वाटीत चेचला, मीठ लावलं आणि वरणभातात कालवून चमच्याने दिला. काका चावत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं होतं की कसलं ते मी सांगू शकत नाही. वाटी संपली. मी दुसरी भरली. ती निम्मी झाली असताना काकू दारात उभ्या होत्या, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन.

त्यांना सांगायची गरज नव्हती, खोलीभर वास होता. मी चमचा हातात धरून बसले. ओरडतील, खोली सोडायला सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "किती खाल्लं?"

"दीड वाटी," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा आनंद दिसला. मी तो पाहिला आहे, आणि पुढचं सगळं घडूनही मी ते नाकारणार नाही. एखादा क्षणच. मग त्यांनी द्रोण देवापुढे ठेवला, तांब्याभर पाणी आणलं, काकांचं तोंड धुतलं, चूळ भरवली, एकेक बोट पुसलं, फरशी पुसली. सगळं झाल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता नको करू पोरी."

तिसऱ्या दिवशी काकांना ताप आला. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले छातीत कफ साचलाय, पडून राहणाऱ्या माणसाला होतं असं. मी मुद्दाम काकूंच्या समोर त्यांना विचारलं, की खाण्यातून काही झालं असेल का. ते म्हणाले, नाही, उलट खायला हवं. काकू देवाजवळ उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्या एकवेळ जेवू लागल्या, माझ्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून.

मी पुन्हा कांदा आणला नाही. आणता आला असता. शेजारी शिंप्याच्या घरी कांदे होते, काकू दर गुरुवारी आरतीला जात होत्या. पण पुन्हा काही झालं तर त्या नजरेला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती. माणूस रोज थोडा थोडा कमी होताना मी शाळेत जात-येत पाहिला, आणि आपलं कर्तव्य एकदा करून झालं आहे अशी स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला अशा समजुती लवकर सापडतात.

काका दसऱ्यानंतर गेले. कार्तिकी अजून दूर होती.

चौदाव्या दिवशी मी काकूंचं जेवण घेऊन गेले, तर पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला होता आणि त्या मोकळ्या फरशीवर नुसत्या बसल्या होत्या. ताट त्यांच्यापुढे ठेवून मी परतले. उन्हाळ्यात माझी दारव्ह्याच्या शाळेत बदली झाली. निघताना त्यांनी माझी ओटी भरली, सांभाळून राह्य म्हणाल्या. मी येत जाईन म्हणाले, आणि वर्षभर गेले नाही.

गेले ते श्रावणात. दिग्रसला शाळेच्याच कामासाठी आले होते, काम दुपारी आटोपलं, पाय गल्लीकडे वळले. वळणावरच भाजलेल्या कांद्याचा वास आला. मला वाटलं घर विकलं, दुसरं कोणी राहायला आलंय. दार उघडं होतं. समोरच्या खोलीत दोन पोती जशी आली तशी ठेवलेली होती, एकाचं तोंड फक्त हात जाईल एवढं उसवलेलं. बारदानाच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते. एका पोत्याच्या कोपऱ्यात सडलेल्या कांद्यांची धार लागून फरशी काळी पडली होती, आणि ती कोणी पुसली नव्हती.

काकू स्वयंपाकघरात गॅसपुढे उभ्या होत्या. वाळून अर्ध्या झाल्या होत्या. जाळीवर एक कांदा भाजत होता.

"ये," त्या म्हणाल्या, काल भेटल्यासारख्या. "हात-पाय धू."

"काकू, श्रावणात कांदा?"

"नेम हे जिते हायत तोवरचा होता. आता कायचा नेम?"

त्यांनी कांदा चिमट्याने उलटला. मी उंबऱ्यात उभी राहिले. मग त्या बोलल्या, गॅसकडेच पाहत, हिशेबी आवाजात, खूपदा मनात घोळवून झालेलं असावं तसं. "ताप तुया कांद्यानं नवता आला. डॉक्टरनं तवाच सांगतलं, म्या बी ऐकलं होतं. ऐकलं, पन मानलं नाई. दीड वाटी खाल्लं होतं त्याईनं त्या दिवशी. नंतर तेवढं कधीच नाई. मी त्याईचा जीव वाचवून राह्यली होती, आन् त्याईले उपाशी ठेवून राह्यली होती. सारं हेच हात."

मला म्हणायचं होतं, तसं नाही काकू. अशा वेळी जे म्हणतात ते सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्यांना खोटं सांगून चालत नसे, आणि मी स्वतः त्या खोलीत होते. मी म्हणाले, "मी पुन्हा आणायला हवा होता."

"हो," काकू म्हणाल्या. "आनाले पायजे होता."

त्यांनी पाट मांडला, एकच. ताट वाढलं. भाजलेला कांदा तेल-मीठ घालून, कोंबांचं चून, गरम धपाटा, रश्शाची वाटी. एकट्या बाईच्या घरात दुपारी एवढं शिजलेलं पाहून मी विचारलं, हे रोज करता का. त्या म्हणाल्या, रोज करते. मग खातं कोण, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

"तुमचं ताट?"

"मी नाई खात आता कांदा. जेव तू."

त्या माझ्यासमोर फरशीवर बसल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि पाहू लागल्या. मी घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. चव तीच होती, हातात काही फरक पडला नव्हता. त्यांची नजर माझ्या हातावरून तोंडाकडे, तोंडावरून गळ्याकडे जात होती आणि पुढच्या घासाला परत ताटात येत होती. अर्ध्यावर मी हात थांबवला आणि म्हणाले, बास काकू, पोट भरलं.

त्या थोड्या पुढे सरकल्या. माझ्या ताटातला भाजलेला कांदा त्यांनी बोटांनी कुस्करला, त्यात धपाट्याचा तुकडा मऊ केला, मीठ लावलं आणि घास माझ्या तोंडासमोर धरला.

"एवढा एक," त्या म्हणाल्या. "एवढाच खा."

मी तोंड उघडलं.